दशमीची साडेसातची भरती

आमच्या ह्यांना बोट लागते. हे पहिल्यांदाच सांगून टाकते, कारण अलिबागेत निम्म्या लोकांना वाटतं की हा माणूस मचव्यातच जन्मला. खाडीकाठच्या कोळणी ह्यांना नावानं हाका मारतात, तांडेल ह्यांना विचारल्याशिवाय शीड उभारत नाही, आणि हे मात्र बंदर मागे पडलं की पाचव्या मिनिटाला मचव्याच्या काठावर ओणवे. लग्नाला चार वर्षं झाली. रोज डब्याबरोबर आवळ्याची सुपारी बांधून देते. तिचा काडीचा उपयोग होत नाही. तरी बांधते.

असा माणूस बँकेच्या मचव्यावर चढलाच कसा आणि चढला तर उतरला का नाही, हे मला येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारते. ह्यांना विचारलं तर हे दोन वाक्यांत गुंडाळतील आणि त्यातलं एक हवेबद्दल असेल. म्हणून मीच सांगते.

मी पालीच्या बाजूची. आमच्याकडे पाणी म्हणजे भाताच्या खाचरातलं, पोटरीपर्यंतचं. माझे वडील, दयाराम आबा, म्हणजे शेतीचा पक्का माणूस. जिथं काठी रोवली की उभी राहते तीच जमीन, बाकी सगळं थोतांड, असा त्यांचा हिशेब. नागोठण्याच्या बाजाराला गेले तरी बंदराकडे पाठ करून बसायचे. मी बारा वर्षांची झाले तेव्हापासून घरात एकच ऐकत आले होते, की पोरगी कुठंही देईन, पण पाण्यावरच्या माणसाला देणार न्हाय. सकाळी गेला तर संध्याकाळी येईलच असं कुणी सांगितलंय?

चौतीस सालच्या वैशाखात ह्यांचं स्थळ आलं. सुधागडच्या पायथ्याचं गाव, घरची थोडी भातशेती, आणि मुलगा मॅट्रिक पास होऊन अलिबागेच्या सहकारी बँकेत लागणार. आबांना बँक काय ते कळलं नाही, पण तिथं टेबल असतं, खुर्ची असते, वर कौलं असतात आणि माणूस दिवसभर हलत नाही, एवढं कळलं आणि तेवढं त्यांना पुरलं. बघायला आले तेव्हा मी पोह्यांची बशी घेऊन गेले ती मान खाली घालून. त्यामुळे मला ह्यांचं काय दिसलं, तर पाय. उजव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली. चेहरा बघायचा म्हणून मी दोनदा मान वर करायला गेले, दोन्ही वेळा ठमीआत्यानं कोपरानं ढोसलं. साखरपुडा झाला, लग्न मार्गशीर्षात ठरलं, आणि त्या एका करंगळीच्या भांडवलावर मी सात महिने काढले.

पावसाळाभर ह्यांना खरोखरच टेबल होतं. अलिबागेच्या मोठ्या कचेरीत, खिडकीजवळ, वर ओढायचा पंखा. दर पंधरवड्याला आबांना पोस्टकार्ड यायचं आणि ते मी वाचून दाखवायचे, कारण चौथीपर्यंत शिकलेली घरात मी एकटी. काम टेबलावरचे आहे, वही स्वच्छ ठेवतो, साहेब खूश आहेत. आबा ते कार्ड गावभर दाखवायचे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही दाखवायचे.

मग नारळी पौर्णिमा झाली, समुद्र मोकळा झाला, आणि मॅनेजरसाहेबांनी नवीन कारकुनांची वाटणी केली. बँकेत तेव्हा दोन तऱ्हेची माणसं होती. एक टेबलवाले. दुसरी फिरती तुकडी, म्हणजे एक मचवा, त्यात लोखंडी पेटी, आणि ती पेटी घेऊन खाडीकाठच्या कोळीवाड्यांत जायचं, तिथल्या लोकांची खाती उघडायची, शिल्लक टाकलेले पैसे घ्यायचे. तुकडीत कुणी आपखुशीनं जात नसे. ह्यांचं नाव तुकडीत निघालं.

हे साहेबांकडे गेले आणि सांगितलं की मला बोट लागते. साहेब म्हणाले, सुरुवातीला सगळ्यांनाच लागते. ह्यांनी सांगितलं की माझं लग्न ठरलंय. साहेबांनी अभिनंदन केलं. शेवटी हे तिथून हलेचनात तेव्हा साहेबांनी एक वाट दाखवली. तुकडीत जो कारकून शंभर नवी खाती आणेल त्याला खिडकीजवळचं टेबल परत. हे खूश होऊन बाहेर आले आणि टेबलवाल्यांपैकी एकानं सांगितलं की तुकडीनं गेल्या अख्ख्या वर्षात एकतीस खाती आणली होती.

लग्नाला उरले होते तीन महिने. आबांना कळलं असतं तर सुपारी फुटली तशी परत गेली असती. ह्यांनी काय करावं? काही केलं नाही. पोस्टकार्ड येतच राहिलं. काम ठीक चालले आहे, प्रकृती बरी आहे, साहेब खूश आहेत. 'टेबल' तेवढं गळलं. मी वाचून दाखवत होते ना, मला ते पहिल्याच कार्डाला जाणवलं होतं. पण खोटं असं एक अक्षर त्यात नव्हतं, आणि मी काही बोलले नाही.

तुकडीत तिघं होते. बाळाजीपंत हे मुख्य कारकून, नऊ वर्षं मचव्यावर, गुडघे संधिवातानं धरलेले. सदा शिपाई, तो पेटीवर बसायचा आणि पेटीवरच झोपायचा. आणि कान्हा तांडेल. कचेरीनं एक वेळापत्रक छापून दिलेलं होतं. दर सोमवारी सकाळी दहा वाजता मांडवखार, बुधवारी अमुक, शुक्रवारी तमुक. छापलेलं, खाली सही असलेलं. बाळाजीपंत ते पेटीच्या झाकणाला चिकटवून नऊ वर्षं इमानानं पाळत होते.

पहिल्या सोमवारी हे दहाला मांडवखारच्या खाडीत शिरले, शिरेपर्यंत चारदा ओकले, आणि मचवा चिखलात रुतला. पाणी निघून गेलं होतं. कोळीवाडी समोर दिसतेय, पण मधे मांडीभर चिखल. बाळाजीपंतांनी शांतपणे डबा उघडला. आता किती वेळ, असं ह्यांनी विचारलं. चार वाजतील, असं ते म्हणाले. रोजच असं होतं का? कधी होतं, कधी नाही, नशिबाचा भाग. हे नशिबाला शिव्या देत बसले आणि, हे मला त्यांनी लग्नानंतर वर्षभरानं कबूल केलं, रुतलेल्या मचव्यातसुद्धा एकदा ओकले. हलत नसलेल्या मचव्यात! मी इतकी हसले की चुलीवरचं दूध उतू गेलं.

दुपारी त्या चिखलातून एक कोळीण टोपली डोक्यावर घेऊन सरळ चालत आली. मैना तिचं नाव. मचव्यात चार माणसं कोंबड्यांसारखी बसलेली बघून तिनं कान्हाला विचारलं की हे लोक आज कशाला आले. कान्हानं झाकणावरच्या कागदाकडे बोट दाखवलं. मैना म्हणाली, आज बाप्ये सगळे जाळ्यांवर गेलेत, हातात पैसा न्हाय, घरात कुणी न्हाय, तुमच्या पेटीत काय मासळी टाकू? पाण्याला जोर असतो तेव्हा खुंटांना बांधायची डोलीची जाळी समुद्रात असतात. अष्टमी-नवमीला पाणी मंद पडतं, त्याला भांग म्हणतात, तेव्हा जाळी घरी येतात, बाप्ये घरी असतात, मासळीचा हिशेब झालेला असतो. तवा या की.

ह्यांनी कान्हाला विचारलं की अष्टमीला खाडीत पाणी कधी असतं. कान्हानं हातातला दोरसुद्धा खाली ठेवला नाही. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. द्वादशीला नऊ. हे कोळ्याच्या पोराला दात येतात तेव्हापासून ठाऊक असतं.

हे थक्क झाले. मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस, असं विचारलं. कान्हा म्हणाला, "इचारलं कुणी?"

आता इथं बायका मला सांगतात, म्हणजे तिथंच त्यांना समुद्राची गोडी लागली म्हणायची. छट्! ह्यांना सुटायचं होतं. शंभर खाती, खिडकीजवळचं टेबल आणि मार्गशीर्ष, एवढंच डोक्यात. त्याच चिखलात बसून ह्यांनी पंचांग मागवायचं ठरवलं, आणि दोन दिवसांनी सगळ्या वाड्यांचं नवं वेळापत्रक तिथीवर मांडून काढलं. बाळाजीपंत सही करायला तयार होईनात. बँक इंग्रजी तारखेवर चालते, तिथीवर श्राद्ध चालतं, असं त्यांचं म्हणणं. ह्यांनी एकट्याची सही करून कागद साहेबांना दिला. साहेबांनी तो उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाले, एक महिना करून बघा, नाहीतर पुन्हा सोमवार.

पहिल्या अष्टमीला पहाटे सहाला मचवा मांडवखारच्या थेट उंबऱ्याशी लागला. सगळी वाडी घरी. पुरुष जाळी दुरुस्त करत अंगणात, बायका हिशेब करून मोकळ्या. त्या एका सकाळी नऊ खाती उघडली, पहिलं मैनाचं. तिनं अंगठा उठवला आणि ह्यांना दम दिला, की पुढच्या भांगाला आला नाहीस तर घरी येऊन पैसे मागेन. भाद्रपद, आश्विन, कार्तिक. ओकत ओकत हे गेले आणि ओकत ओकत परत आले, अंगातला कोट सैल झाला, पण कार्तिक वद्य अष्टमीला शंभरावं खातं झालं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या हातानं पत्र दिलं. अमावास्येनंतर टेबल तुमचं. दशमीची एक फेरी करा आणि सुटा.

आणि नेमके आम्ही त्या नवमीला अलिबागेत येऊन पोचलो.

लग्नाचं लुगडं घ्यायचं होतं आणि आबांना जावयाचं टेबल डोळ्यांनी बघायचं होतं. धरमतरची खाडी ओलांडायला होडीत बसावं लागू नये म्हणून नागोठण्याच्या पुलावरून बैलगाडीनं लांबचा फेरा घेऊन आलो, दोन दिवस हाडं खिळखिळी. आबा, ठमीआत्या आणि मी. संध्याकाळी आबा एकटेच कचेरीत गेले. परत आले तेव्हा चेहरा असा, की आत्यानं विचारायचं धाडस केलं नाही. कचेरीतल्या माणसानं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, की ते ना, ते मचव्यावर असतात, उद्या दशमी, साडेसातला मांडवखारला भरती, म्हणजे पावणेसातला बंदरावर सापडतील.

सुपारी मोडणार हे मला आबांच्या पाठीवरून कळत होतं. आबा रागावले की बोलत नाहीत, पाठ ताठ करतात. मी त्या माणसाचा चेहरासुद्धा बघितला नव्हता, तरी मला रडू येत होतं, आणि रडायला येतंय म्हणून स्वतःचाच राग येत होता.

सकाळी बंदरावर गेलो. मचव्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, झेंडूचा हार होता. ह्यांची शेवटची फेरी म्हणून कान्हानं बांधला होता, पण आबांना वाटलं, रोजचंच असेल. धक्क्याच्या पायरीवर एक माणूस गुडघ्यापर्यंत धोतर खोचून पाय धुत होता. चिखल निघाला आणि करंगळी दिसली. शेजारच्या बोटावर चढलेली. मग मी मान वर केली. ह्या वेळी आत्याला ढोसायला सुचलं नाही. काय सांगू, उन्हानं रापलेला, गालफडं बसलेली, कपाळाला चिखलाचा एक पट्टा, आणि सदाच्या कसल्याशा बोलण्यावर तोंडभर हसत होता. मला एकदम बरं वाटलं. सरळ सांगते, मला तो आवडला.

आबांना बघून ते हसू जागच्या जागी विरलं.

"जावईबापू," आबा म्हणाले, "हेच का तुमचं टेबल?"

ह्यांनी खिशातून साहेबांचं पत्र काढलं. आबांनी ते माझ्याकडे ढकललं आणि मी तिथं उभ्या उभ्या वाचून दाखवलं. अमावास्येनंतर टेबल, खिडकीजवळ, पगारात दोन रुपये वाढ. मला वाटलं, संपलं, सुटलो. आबांची पाठ तशीच ताठ. आज खरं झालं म्हणून काल काय होतं ते बदलत नाही, असं ते म्हणाले. तीन महिने कार्डावर कार्ड लिहिलंत, पाण्यावर आहे हे एकदाही सांगितलं नाहीत. न बोलणं हीसुद्धा लबाडीच. ज्याला पोरगी द्यायची त्याच्यावर भरवसा नको?

तेवढ्यात कान्हानं हाक दिली की पाणी थांबायचं नाही. एवढी पेटी ठेवून आलोच मामा, असं म्हणून हे पेटी उचलून फळीवरून मचव्यात गेले. आबांना वाटलं, हा पळतोय. बोलणं अर्धं राहिलेलं, राग पुरता चढलेला, ते त्याच तिरीमिरीत फळीवरून मागोमाग आत. जन्मात मचव्यात पाय न ठेवलेला माणूस! मी त्यांच्या मागून चढले. आबा नाळेकडे पाठ करून ह्यांना फैलावर घेत होते, हे खाली मान घालून ऐकत होते, मी समोर उभी. कान्हाची सवय अशी, की भरतीची वेळ झाली की आत कोण बाहेर कोण ते तो बघत नाही. त्यानं नाळेवरचा दोर सोडला.

आबांना कळलं तेव्हा धक्का आठ-दहा हात लांब गेला होता आणि ठमीआत्या त्यावर उभी राहून दोन्ही हात वर करून ओरडत होती. आबांनी डोलकाठीला मिठी मारली, डोळे मिटले आणि बल्लाळेश्वराला साकडं घातलं. मागं वळव, असं ते कान्हाला म्हणाले. कान्हानं सांगितलं की वळवला तर मांडवखारला चिखल होईल, शंभर लोक थांबलेत, दोन-अडीच तासांत परत आणून सोडतो. मचवा बंदराबाहेर आला आणि लाटांवर वर-खाली होऊ लागला. मी माझ्या पोटाकडे लक्ष देऊन बसले होते. काही झालं नाही. आबांनाही काही झालं नाही. त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

आणि तेव्हा त्यांना दिसलं, की भावी जावई काठावर ओणवा होऊन आतडी बाहेर काढतोय. सदा पेटीवर पेंगत होता, बाळाजीपंत पानाला चुना लावत होते. कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. मचवा एका बाजूला कलला आणि हे आणखी बाहेर वाकले. आबांनी डोलकाठी सोडली, दोन पावलं टाकली आणि ह्यांचा कोट मागून घट्ट धरला.

बाळाजीपंतांनी सांगितलं की काळजी करू नका, रोजचंच आहे, परतीला पुन्हा होईल.

"रोज?" आबांनी विचारलं. "तीन महिने रोज?"

"रोज."

आबांनी कोटाला दुसराही हात घातला. मग जरा हळू आवाजात ह्यांना विचारलं की मग आधी सांगितलं का नाहीस. ह्यांनी तोंड पुसलं.

"तुम्ही पाण्यावरच्या माणसाला मुलगी देत नाही, मामा. आणि मला हीच हवी होती. चूक झाली." एवढं बोलून हे परत काठाकडे वळले.

माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सात महिने मी करंगळी आठवत काढले होते, आणि हा माणूस माझ्यासाठी तीन महिने समुद्रात पोट रिकामं करत होता. ह्यापेक्षा जास्त कुणी कुणासाठी काय करतं, मला ठाऊक नाही.

मांडवखारला पाणी काठोकाठ. मचवा टेकायच्या आधीच बायकांची हाकाहाक. मैना सगळ्यांत पुढं. ह्यांची शेवटची फेरी असं तिला कान्हाकडून समजलं आणि ती भडकली. तिनं ह्यांना सोडून थेट आबांना धरलं, वयानं मोठा माणूस दिसला म्हणून. हा गेला की तो म्हातारा परत सोमवार सुरू करणार, म्हणाली. आम्ही काय सोमवारी मासे धरतो? समुद्राला सोमवार ठाऊक हाय का? बाळाजीपंत पानाकडे बघत बसले. नाही म्हणाले नाहीत.

आबांनी सगळं समजून घेतलं. सोमवारचं, चिखलाचं, भांगाचं. कान्हाकडून पाऊणपटीचं गणित दोनदा करून घेतलं, बोटांवर. मग त्यांना राग आला, पण ह्या वेळी ह्यांच्यावर नव्हे.

"आमची पेरणी काय वार बघून व्हते?" ते बाळाजीपंतांना म्हणाले. "नऊ वर्सं तुमी चिखलात बसून डबा खाल्लात?"

बाळाजीपंत काकुळतीला आले. हळूच सांगितलं की गुडघ्यांमुळे त्यांना आता मचवा झेपत नाही, नऊ वर्षं टेबलासाठी अर्ज करताहेत, पण शंभर खाती कधी जमली नाहीत. आबांनी एकदा त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं, एकदा ह्यांच्याकडे. हे वाडीच्या मधोमध बसले होते, भोवती बायकांचा गराडा, एकीच्या वहीतली चूक शोधत होते आणि ती त्यांना शिव्या देत होती आणि दोघं हसत होते. जमिनीवर आल्या आल्या माणसाचा रंग परत आला होता.

परतीच्या वाटेवर आबांनी ह्यांचा कोट आधीपासूनच धरून ठेवला.

"टेबलावर काय, कोण पण बसंल," ते म्हणाले. "ते ह्या पंतांना द्या. पण एक ऐक. पुन्हा लपवलंस तर मचव्यातनं मीच ढकलीन."

हे हो म्हणायच्या स्थितीत नव्हते. मान हलवली.

साहेबांनी आधी कुरकुर केली, मग मान्य केलं. खिडकीजवळच्या टेबलावर अजून बाळाजीपंतच आहेत, पायाखाली पाट घेऊन. ह्यांना तुकडीचं मुख्य केलं, आणि ते दोन रुपयेही मिळाले.

मार्गशीर्षात लग्न लागलं. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा बायकांना वाटलं, मी ठरीव काहीतरी म्हणेन. मी म्हटलं,

"अष्टमीला सहाची भरती, दशमीला साडेसात,
येसाजीरावांच्या मचव्यात दिला मी हातात हात."

बायकांना ओ की ठो कळलं नाही. मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून मात्र आबांचा आवाज आला, की बरोबर हाय, दशमीला साडेसातच.

पाठवणीला शुद्ध पंचमी होती. नागोठण्याला गाडीवान सवयीनं पुलाकडे वळला. आबांनी कासरा धरला. पुलावरून कशाला, म्हणाले, पंचमी हाय, पावणेचारला पाणी येतंय, बंदरावर घे. खाली कान्हाचा मचवा उभा होता, नाळेला झेंडू. आबांनी स्वतः हात धरून मला फळीवरून आत नेलं आणि मग स्वतःही येऊन बसले, डोलकाठीला न धरता.

मचवा सुटायच्या आधी कान्हा दोराशी गेला. आबा त्याच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "काय गं कमळे, त्या दिशी माझी पाठ होती. तुझं तर तोंड होतं तिकडं. दोर सुटताना तुला दिसला न्हाय?"

ह्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला आणि पाण्याकडे बघत बसले. खोटं असं एक अक्षर मी बोलले नाही.